अनुभव गाठीशी, परीक्षा नव्याने : ज्येष्ठ सॉफ्टवेअर अभियंत्याने कोडिंग मुलाखतीची तयारी कशी करावी?

बेळगावच्या उद्यमबागेतील गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि केएलई संस्थेचे डॉ. एम. एस. शेषगिरी अभियांत्रिकी महाविद्यालय या दोन्ही संस्था १९७९ मध्ये सुरू झाल्या. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची स्थापना होऊन त्याचे मुख्यालय बेळगावजवळ मच्छे येथे आले. पुढे निपाणीतही विद्या संवर्धक मंडळाने अभियांत्रिकी शिक्षणाची सोय केली. या संस्थांमधून बाहेर पडलेल्या सीमाभागातील मराठी तरुणांनी पुणे आणि बेंगळुरू या दोन शहरांची वाट धरली. बेळगावपासून पुणे सुमारे ३४० किलोमीटर, तर बेंगळुरू सुमारे ५०० किलोमीटर. एकाच राष्ट्रीय महामार्गाची ही दोन टोके म्हणजे अनेक घरांच्या दोन शाखाच झाल्या आहेत. फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या गोमंतकीय अभियंत्यांची वाटचालही फारशी वेगळी नाही.

यांपैकी जे २००५ च्या आसपास नोकरीला लागले, ते आज चाळिशीत आहेत. गृहकर्जाचे हप्ते चालू आहेत, मुले शाळेत आहेत आणि गावी आईवडील वयाने थकत चालले आहेत. नेमक्या याच वयात नोकरीची शाश्वती कमी झाली आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये आपल्या मनुष्यबळातील सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक जागा कमी करण्याचे जाहीर केले. त्याची झळ प्रामुख्याने मधल्या आणि वरिष्ठ स्तराला बसेल, असेही कंपनीने सांगितले होते. त्यामुळे पंधरा-वीस वर्षे काम केलेल्या अभियंत्यालाही पुन्हा एकदा मुलाखतीच्या टेबलासमोर बसण्याची वेळ येऊ शकते. त्याची तयारी कशी करावी, याचा हा आढावा.

अनुभवी माणूस का अडखळतो?

मॅक संगणकांवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'होमब्रू' या साधनाचे कर्ते मॅक्स हॉवेल यांनी २०१५ मध्ये एक अनुभव जाहीरपणे सांगितला. गुगलमधील बहुसंख्य अभियंते आपले साधन वापरतात, तरी फळ्यावर 'बायनरी ट्री' उलटा करता आला नाही म्हणून आपल्याला नाकारण्यात आले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर बरीच चर्चा झाली. मुलाखतीची पद्धत सदोष आहे, असे अनेकांनी म्हटले. तरीही ही पद्धत बदलली नाही, हे उमेदवाराने लक्षात ठेवले पाहिजे.

वरिष्ठ अभियंत्याचे रोजचे काम आणि कोडिंग मुलाखत यांत मोठे अंतर असते. रोजच्या कामात तो आधीच उभ्या असलेल्या मोठ्या प्रणालीत भर घालतो, कनिष्ठांनी लिहिलेला कोड तपासतो, ग्राहकांशी बोलतो, बिघाड शोधतो. मुलाखतीत मात्र छोटा प्रश्न हाती येतो, पाटी कोरी असते, वेळ पाऊण तासाचा असतो आणि विचार मोठ्याने बोलून करायचा असतो. यातील एकही गोष्ट त्याने कदाचित दहा वर्षांत केलेली नसते. विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी शिकलेले डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम हे विषय मधल्या काळात वापराविना गंजलेले असतात. ज्ञान गेलेले नसते, हात गेलेला असतो. म्हणून तयारीचा अर्थ सारे नव्याने शिकणे असा नाही. सवय परत मिळवणे आणि अनुभव ऐकणाऱ्याला दिसेल अशा रीतीने मांडणे, एवढाच तो आहे.

मुलाखतीचे टप्पे

कंपनीगणिक तपशील बदलत असले तरी वरिष्ठ पदासाठीच्या मुलाखतीचे साधारण चार भाग असतात. पहिला, भरती विभागाशी प्राथमिक संभाषण. दुसरा, कोडिंगच्या एक ते तीन फेऱ्या. तिसरा, प्रणाली-रचनेची म्हणजे सिस्टिम डिझाइनची फेरी. चौथा, पूर्वानुभव आणि वर्तनाविषयीची फेरी. नवख्या उमेदवाराची निवड बहुतांशी कोडिंगवर ठरते. वरिष्ठ उमेदवाराच्या बाबतीत कोडिंग हे प्रवेशद्वार असते, तर पद आणि वेतनाची पातळी बहुधा शेवटच्या दोन फेऱ्यांवर ठरते. ज्येष्ठ उमेदवार अनेकदा सारा वेळ कोडी सोडवण्यात घालवतात आणि ज्या फेऱ्यांत त्यांचा अनुभव कामी येणार असतो, त्यांची तयारीच करत नाहीत.

बारा आठवड्यांचे वेळापत्रक

नोकरी आणि संसार सांभाळून रोज दीड तास आणि शनिवार-रविवार मिळून चार तास काढता आले, तर आठवड्याला साडेअकरा तास होतात. बारा आठवड्यांत ही बेरीज १३८ तासांवर जाते. नियमितपणा ठेवल्यास एवढा वेळ पुरतो.

पहिले चार आठवडे पायाभूत विषयांना द्यावेत : अ‍ॅरे, स्ट्रिंग, हॅश मॅप, स्टॅक, क्यू, बायनरी सर्च, दोन निर्देशकांची पद्धत आणि सरकती खिडकी. पुढील चार आठवड्यांत ट्री, ग्राफ, हीप, रिकर्शन आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंग घ्यावे. याच काळात आठवड्याला एक याप्रमाणे प्रणाली-रचनेचे प्रश्न सुरू करावेत. शेवटचे चार आठवडे सराव-मुलाखती, उजळणी आणि पूर्वानुभवाच्या कथनासाठी राखावेत.

लीटकोडसारख्या संकेतस्थळांवर हजारो प्रश्न आहेत. ते सारे सोडवण्याच्या मागे लागू नये. नीट निवडलेले १०० ते १५० प्रश्न पुरेसे होतात. प्रत्येक प्रश्नाला ३० ते ४० मिनिटे द्यावीत. तेवढ्यात मार्ग सुचला नाही तर उत्तर वाचावे, समजून घ्यावे, मग ते बाजूला ठेवून स्वतः लिहून काढावे. तोच प्रश्न तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी पुन्हा सोडवावा. चुकांची एक वेगळी वही ठेवावी. त्यात प्रश्नाचे नाव, कोठे अडलो आणि कोणती खूण आधी दिसायला हवी होती, एवढे तीन मुद्दे लिहावेत. महिनाभरात त्या वहीतून स्वतःच्या कच्च्या जागा आपोआप दिसू लागतात.

भाषा एकच निवडावी. जावा, पायथन किंवा सी प्लस प्लस यांपैकी जी हातात बसली आहे तीच बरी. मुलाखतीसाठी म्हणून ऐनवेळी नवी भाषा शिकणे हिताचे ठरत नाही.

एक प्रश्न, आरंभापासून शेवटपर्यंत

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकाचे उदाहरण घेऊ. दिवसभरातील प्रत्येक बसच्या येण्याची आणि सुटण्याची वेळ दिली आहे. एकही बस ताटकळू नये यासाठी किमान किती फलाट लागतील? कोडिंग मुलाखतींत हा प्रश्न कधी बैठकीच्या खोल्यांचा, कधी रेल्वे फलाटांचा होऊन वारंवार येतो.

उतावीळ उमेदवार लगेच कोड लिहू लागतो. अनुभवी उमेदवाराने आधी शंका विचाराव्यात. एक बस ९.२० ला सुटते आणि दुसरी ९.२० लाच येते, तर दोघींना एकच फलाट चालेल का? रात्री साडेअकराला येऊन मध्यरात्रीनंतर सुटणारी बस यादीत आहे का? यादी रिकामी असू शकते का? या शंकांचे महत्त्व तीन बसगाड्यांवरूनही कळते. समजा पहिली ९.०० ते ९.२०, दुसरी ९.१० ते ९.३० आणि तिसरी ९.२० ते ९.४० अशी थांबते. ९.२० ला सुटणाऱ्या बसचा फलाट त्याच क्षणी मोकळा मानला तर २ फलाट पुरतात, न मानल्यास ३ लागतात. प्रश्न तोच, पण एका शंकेने उत्तर बदलते.

त्यानंतर साधा मार्ग बोलून दाखवावा : प्रत्येक बसची इतर सर्व बसगाड्यांशी तुलना करणे. बसगाड्या १,००० असतील तर सुमारे १० लाख तुलना होतील, ते चालून जाईल. नोंदी १ लाख झाल्या तर तुलनांची संख्या १,००० कोटींवर जाईल. मग सुधारित मार्ग सांगावा. येण्याच्या आणि सुटण्याच्या सर्व वेळा एकत्र करून क्रमाने लावायच्या. बस आली की एक मिळवायचा, सुटली की एक वजा करायचा आणि वाटेत गाठलेली सर्वांत मोठी संख्या हेच उत्तर. ही कामगिरी मुख्यतः क्रम लावण्यावर खर्च होते. १ लाख बसगाड्यांच्या २ लाख वेळा होतात, त्या क्रमाने लावण्यासाठी लागणाऱ्या क्रिया ३५ लाखांच्या आसपास राहतात. १,००० कोटींऐवजी ३५ लाख, हा फरक मुलाखतकाराला आकड्यांत सांगितला की 'बिग-ओ' ही संज्ञा पाठांतराची न राहता समजुतीची होते.

पाऊण तासाची वाटणी साधारण अशी असावी : प्रश्न समजून घेण्यास ५ मिनिटे, मार्ग ठरवण्यास ७ ते ८ मिनिटे, कोड लिहिण्यास २० मिनिटे, तपासणीस ७ ते ८ मिनिटे आणि उरलेला वेळ प्रश्नोत्तरांस. कोड लिहून झाल्यावर 'झाले' म्हणून थांबू नये. वरच्या तीन बसगाड्या घेऊन ओळ न् ओळ स्वतःच चालवून दाखवावी.

काठावरच्या शक्यता

चुका बहुधा काठावर होतात आणि त्या मोठमोठ्यांकडून होतात. जॉन बेंटली यांनी व्यावसायिक प्रोग्रॅमरांना बायनरी सर्च लिहावयास सांगितले, तेव्हा बहुतेकांच्या कोडमध्ये दोष निघाले, असे त्यांनी 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या पुस्तकात नोंदवले आहे. पुढे २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिले की, खुद्द जावाच्या अधिकृत संग्रहातील बायनरी सर्चमध्येही वर्षानुवर्षे एक दोष दडलेला होता. मधले स्थान काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून तिला दोनने भागले जाई. अ‍ॅरे फार मोठा असेल तर ही बेरीज २१४ कोटी ७४ लाखांच्या पुढे जाते. ३२ बिटच्या पूर्णांकात ती मावत नाही आणि ऋण होते. खालच्या टोकात दोन टोकांमधील अंतराचे अर्धे मिळवले की हा दोष टळतो.

मुलाखतीत ही गोष्ट आपणहून सांगणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो. रिकामी यादी, एकच घटक, सारखेच घटक, ऋण संख्या आणि अतिशय मोठी संख्या या पाच शक्यता प्रत्येक प्रश्नात तपासण्याची सवय लावून घ्यावी.

प्रणाली-रचना : आकडे आधी, आकृती नंतर

या फेरीत प्रश्न मोघम असतो. सीमाभागातील उदाहरण घ्यायचे तर, ऊसतोडणीची पाळी शेतकऱ्याला मोबाइलवर कळवणारी प्रणाली एखाद्या साखर कारखान्यासाठी उभी करा, असा तो असू शकेल. अनेक उमेदवार लगेच फळ्यावर चौकोन काढू लागतात : लोड बॅलन्सर, कॅशे, मेसेज क्यू, विभागलेला डेटाबेस. अनुभवी माणसाने आधी हिशेब मांडावा.

समजा कारखान्याचे २० हजार सभासद आहेत आणि हंगामात प्रत्येक जण दिवसाला १० वेळा आपली पाळी पाहतो. म्हणजे दिवसाला २ लाख विनंत्या. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर सेकंदाला सरासरी अडीचही होत नाहीत. सकाळच्या गर्दीत दहापट वाढ धरली तरी सेकंदाला २३-२४ विनंत्या होतात. एवढा भार एक साधा सर्व्हर आणि एक डेटाबेस सहज पेलतो. येथे डेटाबेसचे तुकडे करण्याची भाषा केली तर ती अनुभवाची खूण ठरत नाही. खरे प्रश्न वेगळेच असतात : खेड्यात नेटवर्क नसेल तर साध्या एसएमएसने निरोप जाईल का? एकच पाळी दोघांना दिली जाणार नाही याची हमी कशी द्यायची? पाळी बदलल्यास त्याची नोंद कोण करील आणि तक्रार आल्यास ती कोठे सापडेल? कोणत्या भाषेत निरोप जाईल, मराठी की कन्नड?

हाच प्रश्न देशभरातील कोट्यवधी वापरकर्त्यांसाठी विचारला, तर मात्र उत्तर बदलते आणि विभागणी, प्रतिकृती, विलंब यांचा विचार अपरिहार्य होतो. नेटवर्क तुटले असता सुसंगती आणि उपलब्धता यांपैकी एकीला प्राधान्य द्यावे लागते, हे एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेले आणि २००२ मध्ये गिल्बर्ट व लिंच यांनी सिद्ध केलेले तत्त्व येथे उपयोगी पडते. या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासासाठी मार्टिन क्लेपमन यांचे २०१७ मधील 'डिझायनिंग डेटा-इन्टेन्सिव्ह अ‍ॅप्लिकेशन्स' हे पुस्तक वाचण्याजोगे आहे. प्रत्येक निवडीबरोबर तिची किंमत सांगणे, हे या फेरीचे सार होय.

'आम्ही' आणि 'मी'

पूर्वानुभवाच्या फेरीत मराठी माणसाची एक चांगली सवय त्याच्या आड येते. केलेल्या कामाचे श्रेय स्वतःकडे घेणे त्याला प्रशस्त वाटत नाही. 'आम्ही प्रणाली बदलली', 'आमच्या टीमने बिघाड दुरुस्त केला', असे तो सांगतो. मुलाखतकाराला मात्र त्यात या माणसाचा वाटा कोणता, हे कळत नाही. निर्णय कोणाचा होता, विरोध कोणी केला, तो कसा दूर झाला, याची उत्तरे 'मी' या शब्दाशिवाय देता येत नाहीत. ही आत्मप्रौढी नसून साक्ष आहे, असे मानून बोलावे. सहकाऱ्यांचे श्रेय सहकाऱ्यांना द्यावे आणि आपले आपण घ्यावे.

त्यासाठी सहा प्रसंग लिहून काढावेत : एक अवघड तांत्रिक निर्णय, एक मोठा बिघाड, एक मतभेद, एक अपयश, कनिष्ठाला घडवल्याचा एक प्रसंग आणि अपुऱ्या माहितीवर घेतलेला एक निर्णय. प्रत्येकात परिस्थिती, आपली जबाबदारी, आपली कृती आणि परिणाम हे चार भाग असावेत. परिणाम शक्यतो आकड्यात सांगावा, पण तो खरा असावा. जुन्या कंपनीची गोपनीय माहिती, ग्राहकांची नावे किंवा कोड यांचा उल्लेख टाळावा. अपयश सांगताना दोष दुसऱ्यावर ढकलू नये.

तीन भाषांचा माणूस

सीमाभागातील अभियंत्याचे प्राथमिक शिक्षण बहुधा मराठीत झालेले असते, बाजारात आणि कचेरीत कन्नड असते आणि महाविद्यालयापासून पुढे इंग्रजी. कोड लिहिताना त्याचा विचार मात्र अनेकदा मराठीतच चालतो. मुलाखतीत विचार आणि बोलणे एकाच वेळी चालवायचे असल्याने मनातल्या मनात भाषांतर होते, गती मंदावते आणि मुलाखतकाराला ती अनिश्चितता वाटते.

यावर उपाय आहे. प्रश्न आधी मराठीत, घरातल्या कोणाला तरी समजावून सांगावा. तांत्रिक शिक्षण नसलेल्या माणसाला कळले तर विचार स्पष्ट आहे असे समजावे. मग तेच इंग्रजीत, लहान वाक्यांत बोलून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि ऐकावे. अलंकारिक इंग्रजीची गरज नसते. 'आधी हे करतो, कारण हे आहे, त्याचा तोटा हा आहे', एवढी चौकट पुरेशी होते. शेवटच्या महिन्यात मित्रांसोबत किमान सहा ते आठ सराव-मुलाखती द्याव्यात. जुने वर्गमित्र पुण्यात असोत वा बेंगळुरूत, आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर एकमेकांची परीक्षा घेणे कोणालाही जमण्यासारखे आहे.

घरून मुलाखत देताना

गावी असताना ऑनलाइन मुलाखत आली तर वीज आणि इंटरनेट यांची पर्यायी सोय आधी करून ठेवावी : इन्व्हर्टर, वेगळ्या कंपनीचे सिमकार्ड असलेला मोबाइल आणि तारेचा हेडफोन. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मुलाखतकाराची सकाळचे नऊची वेळ म्हणजे भारतात उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. त्या दिवशी दुपारी थोडी विश्रांती घ्यावी आणि घरातल्यांना आधी कल्पना द्यावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत. काही ठिकाणी ती वापरण्यास मुभा असते, काही ठिकाणी सक्त मनाई. नियम आधी विचारून घ्यावा आणि लपून वापर कधीही करू नये. सरावात मात्र या साधनांना शंका विचारणे, स्वतःच्या कोडमधील दोष शोधायला सांगणे उपयोगी ठरते. उत्तर त्यांच्याकडून लिहून घेतले तर सवय त्यांची होते, आपली होत नाही.

निवड झाल्यानंतर

वेतनाचा प्रस्ताव आला की केवळ एकूण वार्षिक आकडा पाहू नये. दरमहा हाती येणारी रक्कम, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग आणि समभाग असल्यास ते किती वर्षांत मिळतील, हे वेगवेगळे मांडावे. अनेक कंपन्यांत ९० दिवसांचा नोटीस कालावधी असतो. तो कमी होऊ शकेल का, हे लेखी विचारावे. लेखी नियुक्तिपत्र हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नये. घरून काम करण्याची मुभा असेल तर तीही तोंडी आश्वासनावर सोडू नये. पुणे-हुबळी आणि बेंगळुरू-बेळगाव या वंदे भारत गाड्यांमुळे बेळगावचा प्रवास सुकर झाला आहे. महिन्यातून काही दिवस कार्यालयात आणि उरलेले गावी, अशी व्यवस्था जमली तर आईवडिलांजवळ राहण्याचा प्रश्नही काही अंशी सुटतो.

नकार आला तरी तो अनुभवाचा पराभव मानू नये. पाऊण तासाच्या परीक्षेत वीस वर्षांचे काम मोजले जात नाही आणि एका कंपनीचा नकार दुसऱ्या कंपनीवर बंधनकारक नसतो. मुलाखत संपताच, आठवण ताजी असतानाच, विचारलेले प्रश्न आणि आपली अडलेली जागा चुकांच्या वहीत लिहावी. पुढच्या मुलाखतीची तयारी त्याच पानापासून सुरू होते.